रीमॅप १०० ऑक्टेनचा, टाकीत ई२०

प्रश्न थोडक्यात: पुण्यात नोकरी करणारे तिशीतले एक वाचक लिहितात. त्यांच्याकडे २०२१ ची १.० लिटर टीएसआय (थेट इंजेक्शनचं टर्बो पेट्रोल इंजिन) हॅचबॅक आहे. तीन सिलिंडर, सहा गिअरची मॅन्युअल, कंपनीचे आकडे ११० पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क. वॉरंटी संपल्यावर त्यांनी 'स्टेज १' रीमॅप करून घेतला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला (ईसीयू) प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवली. फाइल, म्हणजे तो प्रोग्रॅम, १०० ऑक्टेनची आहे (ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल आपोआप पेटत नाही), १४० पीएस आणि २३० एनएम मिळतील, असं ट्यूनरने सांगितलं. शहरात ते १०० ऑक्टेनचं पेट्रोल भरतात, पण महिन्यातून एकदा कोल्हापूरला घरी जाताना वाटेत साधंच भरावं लागतं. एप्रिलमध्ये खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनमधून टकटक आवाज आला. पुढच्या आठवड्यात इंजिनचा दिवा लागला, कोड निघाला पी०१७१. ट्यूनरचं म्हणणं, ई२० चं (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या साध्या पेट्रोलचं) ऑक्टेन ९५ असतं, बाकीचं ईसीयू सांभाळून घेतो, फार तर ऑक्टेन बूस्टरची बाटली टाका. गॅरेजवाला म्हणतो, रीमॅप उडवा, ई२० ने इंजिनाची वाट लागते. साखर कारखान्यात नोकरीला असलेला मित्र म्हणतो, फ्लेक्स फ्युएल सेन्सर (पेट्रोलमधलं इथेनॉल मोजणारा) बसव, इथेनॉल मी कॅनमधून आणून देतो. वाचकांना जाणून घ्यायचं आहे, की सगळ्या पेट्रोलवर सुरक्षित चालेल अशी एकच फाइल बनते का, की हा नादच सोडून द्यावा?

उत्तर:

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि तुम्ही त्यांना एकच धरून चालला आहात. घाटातली टकटक हा ठिणगीच्या वेळेचा प्रश्न आहे. पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडणं. दोन्ही गोष्टी साधं पेट्रोल भरल्यावर दिसल्या, म्हणून दोन्हींचा दोष 'ई२०' च्या माथी बसला. प्रत्यक्षात इथेनॉल या दोन बाबतींत उलट वागतं. नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी, आपोआप पेटून होणाऱ्या टकटकीच्या) बाजूने ते इंजिनाला मदत करतं आणि पेट्रोल पुरवण्याच्या बाजूने पंप-इंजेक्टरवर भार टाकतं. हे वेगळं करून पाहिलं नाही तर ट्यूनर, गॅरेजवाला आणि मित्र, तिघांचंही थोडंथोडं खरं वाटत राहील आणि गाडी मात्र आहे तिथंच राहील.

आधी आजचं काम. निदान होईपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर दाबणं बंद. ट्यूनरकडे कंपनीची मूळ फाइल असेल तर ती परत टाकून घ्या, हे सगळ्यांत स्वस्त आणि लगेच होणारं काम आहे. ते जमेपर्यंत २,५०० आरपीएमच्या खाली जोर देऊ नका. घाटात तिसऱ्यात रेटण्याऐवजी दुसऱ्यात टाका आणि इंजिन ३,००० च्या वर फिरू द्या. इंजिनचा दिवा नुसता पेटला असेल तर सावकाश घरी येता येतं. तो लुकलुकू लागला तर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, म्हणून गाडी बाजूला घ्या.

आता ट्यूनरचं म्हणणं. भारतात ई२० च्या मानकात किमान ऑक्टेन ९५ आहे, ही गोष्ट खरी. पण ते विधान त्याच्याच फाइलच्या विरोधात जातं. १०० ऑक्टेनची फाइल म्हणजे काय? त्या पेट्रोलवर जिथं नॉकिंग सुरू होतं, त्याच्या थोडं अलीकडे ठिणगी नेऊन ठेवलेली असते आणि बूस्टही (टर्बोने दिलेला हवेचा दाब) त्याच हिशोबाने वाढवलेला असतो. त्याच फाइलवर ९५ चं पेट्रोल गेलं की हातात असलेली पाच अंकांची मोकळीक संपली. एप्रिलची दुपार, मागे सामान, खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, इंटरकूलरला (टर्बोतून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीला) पुरेशी हवा नाही, मग टकटक होणारच. इथेनॉल नसतं तर साध्या ९१ च्या पेट्रोलवर हीच फाइल आणखी लवकर बोंबलली असती.

'ईसीयू सांभाळून घेतो' हे वाक्य तर प्रत्येक ट्यूनिंगच्या दुकानात ऐकू येतं. नॉक सेन्सर हा ब्लॉकवर बसवलेला मायक्रोफोन आहे. नॉक झाल्यावर तो ऐकतो, त्याआधी नाही. मग ईसीयू त्या सिलिंडरची ठिणगी काही अंश मागे घेतो आणि हळूहळू परत पुढे आणून पाहतो. घाटभर हे चालू राहिलं तर प्रत्येक वेळी थोडं नॉक होतच राहतं. शिवाय ठिणगी उशिरा पडली की जाळ उशिरा संपतो आणि उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी एक्झॉस्टमधून टर्बोच्या चाकावर आणि कन्व्हर्टरवर जाते. म्हणजे ईसीयूने पिस्टन वाचवला, पण तो टर्बो तापवून. अधूनमधून घडलं तर चालतं. रोजचा बंदोबस्त म्हणून त्यावर भिस्त ठेवायची नसते.

आणि एका प्रकारात ईसीयूचा काहीच इलाज चालत नाही. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला खूप टॉर्क मागितला, की कधीकधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेल-पेट्रोलचा थेंब किंवा सुटलेला कार्बनचा कण हे त्याचं नेहमीचं निमित्त. ठिणगीने पेटलेलंच नाही, तर ठिणगी मागे घेऊन काय होणार? याला एलएसपीआय म्हणतात आणि याचा एक दणकासुद्धा पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तोडायला पुरतो. म्हणून तुम्ही ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न १४० पीएसचा नाही. तो असा, की २३० एनएम कोणत्या आरपीएमला मिळतात? १,८०० ला मिळत असतील तर पेट्रोल कोणतंही असो, मला ती फाइल मान्य नाही. गाडी सिग्नलवर जोरात सुटते, गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून टॉर्क तिथं रचलेला असतो. तुमच्या गाडीचा मॅन्युअल गिअरबॉक्स मुळात २०० एनएमच्या हिशोबाने बनवलेला आहे, ही गोष्टही त्या २३० च्या शेजारी ठेवून पाहा.

आता पी०१७१. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. उलट सांगायचं तर तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा (वजनाने), ई१० ला सुमारे १४.१, ई२० ला १३.५, ई८५ ला ९.८, शुद्ध इथेनॉलला ९. लिटरच्या हिशोबात इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपेक्षा ई२० साधारण ७ टक्के जास्त लागतं. ई१० धरून ट्यून केलेल्या गाडीत फरक जेमतेम ४ टक्के. आता कोडकडे पाहा. पी०१७१ सहसा तेव्हा लागतो, जेव्हा ईसीयूने पेट्रोल २० ते २५ टक्के वाढवूनही लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) 'अजून कमी' म्हणत असतो. त्यातले ४ ते ७ टक्के इथेनॉलचे. उरलेले १५ कुठून आले? ई२० ने दिवा लावला हे खरं असेलही, पण काठोकाठ भरलेल्या पेल्यात शेवटचा थेंब टाकण्यापुरतंच.

हे उरलेले टक्के शोधायला लॅपटॉपही लागत नाही. गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसणारा, मोबाइलला जोडणारा साधा ओबीडी डोंगल पुरतो. गाडी पूर्ण गरम करा आणि शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं त्याची) बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्या: उभ्या गाडीत आयडलला, सपाट रस्त्यावर ताशी ६० ला, आणि चढावर मध्यम जोरात. आयडलला बेरीज १५–२० आणि जोर वाढवल्यावर ५ वर येत असेल, तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत जाते आहे. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमचा नळ किंवा पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या झडपेचा) फाटलेला पडदा, याच क्रमाने पाहा. धुराच्या मशीनने अर्ध्या तासात सापडतं. आयडलला ठीक आणि जोर वाढेल तशी बेरीज चढत जाते, तर पेट्रोल कमी पडतंय: टाकीतला पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा हाय प्रेशर पंप मागणी पुरवत नाही. तेव्हा रेल प्रेशरचे (इंजेक्टरांना मिळणाऱ्या पेट्रोलच्या दाबाचे) दोन आकडे, मागितलेला आणि मिळालेला, एकाच वेळी पाहा. वरच्या आरपीएमला मिळालेला आकडा सलग १० टक्क्यांहून खाली राहत असेल तर त्या गाडीवर कुठलीही फाइल टाकायची नाही, आधी पंप. आणि तिन्ही ठिकाणी सारखीच १५–२० ची वाढ असेल, तर संशय फाइलवर जातो. ट्यूनरने इंजेक्टरचे किंवा हवेच्या हिशोबाचे आकडे बदललेत का ते विचारा. लॅम्डा सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी सेन्सर फसतो, तेही बघून घ्या.

दोन तक्रारी वेगळ्या म्हटलं खरं, पण त्या एका ठिकाणी भेटतात. ट्रिमने मर्यादा गाठली की ईसीयूच्या हातात वाढवायला काही उरत नाही. अशा वेळी पूर्ण जोर दिला तर मिश्रण पातळ होतं, पातळ मिश्रण जास्त तापतं आणि नॉकिंगला रान मोकळं मिळतं. खंबाटकीत नेमकं हेच घडलं असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून आधी ट्रिम, मग ट्यून. हा क्रम उलटा करू नका.

टाकीत नेमकं काय आहे, हेही मापूनच घ्या. भारतात ई२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली, २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचली, आणि आज साधं पेट्रोल मागितलं की तेच मिळतं. पण १०० ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे पंपावरच्या माणसाच्या तोंडच्या उत्तरावर सोडू नका. वैज्ञानिक साहित्याच्या दुकानात १०० मिलिलिटरचा खुणा असलेला काचेचा सिलिंडर मिळतो. त्यात १० मिलिलिटर पाणी घ्या, वरून १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता, बूच लावून मिनिटभर हलवा, बूच जरा सैल करून वाफ जाऊ द्या आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं. खालचा थर १० चा २८ झाला तर ९० मिलिलिटर पेट्रोलमध्ये १८ इथेनॉल, म्हणजे २० टक्के. थर १० वरच राहिला तर शून्य. एक-दोन टक्के इकडंतिकडं होतील, आपल्या कामाला तेवढं चालतं. उघड्या हवेत करा, जवळपास आग नको, हातमोजे घाला आणि तपासलेलं पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

यातून एक हिशोबही करता येतो. ४५ लिटरच्या टाकीत १०० ऑक्टेनचं, इथेनॉल नसलेलं १५ लिटर उरलंय आणि साताऱ्याला ३० लिटर ई२० भरलं. आता टाकीत इथेनॉल ६ लिटर, म्हणजे १३ टक्के, आणि ऑक्टेन ढोबळ हिशोबाने ९६.७. तुमच्या डोक्यात 'अजून १०० चं आहे' असेल, पण गाडीच्या दृष्टीने ते संपलं. भरल्यावर पंधरा-वीस किलोमीटर एका लयीत चालवा, तोवर पाइपमधलं जुनं पेट्रोल संपतं आणि ट्रिम नव्या मिश्रणाला जुळतं. पंपातून निघाल्या निघाल्या जोर काढणं हे सगळ्यांत वाईट.

आता मुख्य प्रश्न, सगळ्या पेट्रोलवर चालणारी एक फाइल. बनते. पण ती तुमच्या रस्त्यावर मिळणाऱ्या सगळ्यांत हलक्या पेट्रोलवर बेतलेली असायला हवी, सगळ्यांत भारी पेट्रोलवर नाही. मिश्रणाच्या बाजूने तुमच्या इंजिनाला फारशी अडचण नाही. त्यातला वाइडबँड लॅम्डा सेन्सर हवा-पेट्रोलचं गुणोत्तर न पाहता लॅम्डा पाहतो, आणि लॅम्डा १ म्हणजे कुठल्याही इंधनाचं बरोबर प्रमाण. त्यामुळे इथेनॉल ० असो की २०, पंपात दम असेल तर ईसीयू तेवढं जुळवून घेतो. ठिणगीचं तसं नाही. टाकीत ९५ आहे की १०० हे त्याला आधी कळत नाही, नॉक झाल्यावरच कळतं. म्हणून ठिणगी आणि बूस्ट ९५ वर ठरवायचे.

असं ट्यून करताना मी काय मागेन ते सांगतो. डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरच्या मशीनवर) जायच्या आधी टाकी जवळपास रिकामी करून ई२० भरा, ते संपवून पुन्हा ई२० भरा, म्हणजे मिश्रणाचा घोळ राहत नाही. प्लग नवे. इतक्या वाढीला कंपनीच्या हीट रेंजचे (उष्णता बाहेर टाकण्याच्या क्षमतेचे) प्लग चालतात, फक्त गॅप ०.६५ मिलिमीटरच्या आसपास आणा, म्हणजे वाढलेल्या दाबात ठिणगी विझत नाही. जास्त थंड प्लग घ्यायचेच झाले तर लक्षात ठेवा, एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, बॉशमध्ये उलटं. या गोंधळात उलटा प्लग बसवून पिस्टन जाळणारेही आहेत. कॉम्प्रेशन मोजा. तीन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर ट्यूनचा विषय तिथंच थांबला.

पूर्ण जोरात लॅम्डा ०.८५ ते ०.८८ (१ पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त) ठेवायचा. पेट्रोलच्या मापातला गेज १२.५ ते १२.९ दाखवेल, मग टाकीत काहीही असो, कारण तो मोजतो लॅम्डा आणि १४.७ ने गुणून दाखवतो. ई२० आहे म्हणून गेजवर ११.५ दिसायला हवेत, असं समजून पेट्रोल वाढवत बसणारे ट्यूनर आहेत. तसं केलं की मिश्रण लॅम्डा ०.७८ ला जातं, सिलिंडरची भिंत धुतली जाते आणि पेट्रोल तेलात उतरतं. ठिणगी एकेक अंश पुढे नेत जायची. टॉर्क वाढायचा थांबला किंवा नॉक दिसला, जे आधी होईल तिथं थांबायचं आणि तिथून २ ते ३ अंश मागे यायचं. डायनोवरचा पहिला, थंड इंजिनाचा आकडा फ्रेम करून लावायला ठीक असतो. तुम्ही मागायचा तो लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या रनचा लॉग (ईसीयूच्या आकड्यांची नोंद), इनटेकची हवा तापलेली असतानाचा. हवा ४५ अंशांच्या वर गेली की दर आठ-दहा अंशांमागे ठिणगी एक अंश मागे आणि ६० च्या वर बूस्टही कमी, असं फाइलमध्ये असलं पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी तर हे पहिलं कलम, कारण तिथं मे महिन्यात हवा इंजिनात शिरायच्या आधीच ४५ ची असते. टॉर्क २०० ते २१० एनएमवर बांधा, तोही २,५०० च्या पुढे. एवढं करून १२५ ते १३० पीएस मिळाले तर मी समाधानी असेन. १०० ऑक्टेनवर चालणारी दुसरी फाइल हवी असेल तर ती वेगळी ठेवा आणि पाण्याच्या चाचणीनंतर, टाकी रिकामी करूनच बदला. ते पेट्रोल साध्याच्या दीडपटीच्या आसपास पडतं, तेव्हा वरच्या दहा पीएससाठी दर टाकीला किती मोजताय याचा हिशोब तुमचा तुम्हीच करा.

लॉगमध्ये काय पाहायचं, हे ट्यूनरवर न सोडता स्वतः शिका. प्रत्येक सिलिंडरची मागे घेतलेली ठिणगी हा सगळ्यांत बोलका आकडा. एखाद्या सिलिंडरवर क्षणभर १ ते ३ अंश मागे आलं तर काळजी नको. दोन-तीन सिलिंडरांवर सलग ४ च्या वर राहिलं तर ती फाइल त्या पेट्रोलची नाही. ८ दिसले तर पाय काढा. एकाच सिलिंडरवर सतत येत असेल तर आधी त्याचा प्लग आणि कॉइल पाहा. हे लॉग रस्त्यावर एकट्याने, मोबाइल बघत काढायचे नसतात. डायनोवर काढा, नाहीतर शेजारी कोणीतरी बसवा आणि फक्त नेहमीच्या चढावर, नेहमीच्या वेगाने काढा.

मित्राच्या कॅनबद्दल स्पष्टच लिहितो: घेऊ नका. कारखान्यातलं अल्कोहोल उत्पादन शुल्काच्या कडक हिशोबात असतं, असं बाहेर आणणं गुन्हा आहे आणि मित्राची नोकरी जाईल. तांत्रिक अडचणही तेवढीच मोठी. इंधनाचं इथेनॉल निर्जल असतं, ९९.५ टक्क्यांच्या वर. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये पाचेक टक्के पाणी असतं. ते पेट्रोलमध्ये मिसळलं की ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतात. टाकीतल्या पंपाचं तोंड तळाशीच असतं. इंजिन एकदा पाणी-इथेनॉल ओढतं, मग वरचं ऑक्टेन हरवलेलं पेट्रोल. पावसाळ्यात अर्ध्या टाकीने महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत कॅनशिवायही हे होऊ शकतं. तेव्हा गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

फ्लेक्स सेन्सर स्वतः चांगली वस्तू आहे. पेट्रोलच्या पाइपमध्ये बसतो आणि इथेनॉलच्या टक्क्यानुसार ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो. ५० वजा केले की टक्के, म्हणजे ई२० ला ७०. पण तो सिग्नल घ्यायला ईसीयूत जागा आणि वेगळा कोड लागतो, जो तुमच्या मूळ ईसीयूत नाही. शिवाय आपल्या पंपांवर तुम्हाला मिळणार ० ते २० टक्केच. तेवढ्या फरकासाठी दोन फाइली आणि काचेचा सिलिंडर पुरतो. मार्च २०२४ मध्ये काही पंपांवर 'इथेनॉल १००' आलं, त्यात महाराष्ट्रही होता, पण ते फ्लेक्स फ्युएल गाड्यांसाठी आहे. ई८५ लाच पेट्रोलपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त इंधन लागतं. तुमचा हाय प्रेशर पंप तिथंवर जात नाही, आणि रबर-सीलांचं काय होईल ते वेगळंच. आणखी एक गोष्ट मित्राला सांगा. जास्त इथेनॉलवर नॉक जवळजवळ होत नाही, म्हणून ठिणगी पुढे नेताना कुणी टोकत नाही. सर्वाधिक टॉर्कची जागा मागे पडते, दाब वाढतच जातो आणि पहिला आवाज येतो तो वाकलेल्या कनेक्टिंग रॉडचा.

बाटलीतल्या बूस्टरवर '३ पॉइंट वाढ' लिहिलेलं असतं. बहुतेकदा एक पॉइंट म्हणजे ०.१ ऑक्टेन. ९५ चे ९५.३ होतात. काहींतल्या मँगनीज किंवा लोहाच्या संयुगांनी प्लगवर तांबूस थर बसतो आणि मिसफायर सुरू होतो. विमानाचं १०० एलएल पेट्रोल कुणी देऊ केलं तर त्यातलं शिसं लॅम्डा सेन्सर आणि कन्व्हर्टर दोन्ही मारतं. थिनरचा प्रयोग तर नकोच.

गॅरेजवाल्याच्या म्हणण्यात तथ्य आहे ते असं: गाडी २०२१ ची आहे, तेव्हा टाकीच्या झाकणावरचा स्टिकर आणि मॅन्युअल पाहा, त्यात किती टक्के इथेनॉलला मान्यता आहे ते लिहिलेलं असतं. ई१० च असेल तर पेट्रोलचे नळ आणि सील दर सर्व्हिसला वास घेऊन, हात लावून तपासा. इथेनॉल जुना गाळ सोडवतं, म्हणून फिल्टर एकदा लवकर बदला. रीमॅपनंतर तेल ७,५०० किलोमीटर किंवा सहा महिन्यांत बदला. कंपनीची मान्यता असलेलंच, आणि त्यावर एपीआय एसपी (तेलाच्या दर्जाची खूण) असेल तर उत्तम, कारण ते मानक एलएसपीआय डोळ्यांसमोर ठेवून आलं आहे. डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला तर तेलात पेट्रोल उतरतंय.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन ओळी. पोर्ट इंजेक्शनच्या टर्बोत पेट्रोल सिलिंडरच्या आत पडून गारवा देत नाही, म्हणून तिथं पूर्ण जोरात लॅम्डा ०.८० ते ०.८३ इतका घट्ट आणि ठिणगी आणखी सावध ठेवा. थेट इंजेक्शनच्या टर्बोला बाहेरून सीएनजी किट बसवायचा विचार असेल तर एक जाणून घ्या: पेट्रोलचे इंजेक्टर जाळाच्या खोलीत असतात आणि वाहत्या पेट्रोलनेच थंड राहतात. गॅसवर चालताना थोडं पेट्रोल चालू न ठेवणारं किट ते जाळून टाकतं.

विम्याचं आणि कायद्याचंही बघा. आरसीवरच्या नोंदींपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि विमा कंपनीला न सांगितलेला रीमॅप दाव्याच्या वेळी अंगाशी येतो. कन्व्हर्टर काढून पाइप टाकायचा सल्ला मिळाला तर ऐकू नका, पीयूसीच्या लॅम्डा चाचणीतही अडकाल.

ट्यूनरकडे जाल तेव्हा या गोष्टी लेखी मागा: मूळ फाइलची प्रत, टॉर्कचा आलेख आरपीएमसकट, कोणत्या पेट्रोलवर ट्यून केलं त्याची नोंद, आणि तापलेल्या इंजिनाचा लॉग. यातलं एकही द्यायला तो कां-कूं करत असेल तर मूळ फाइल परत टाकून घ्या आणि दुसरा शोधा. तोवर गळती शोधून ट्रिम १० च्या आत आणा. कोल्हापूरची फेरी ११० पीएसवरही नीट होते.